मॅग्नेट नसलेला स्पीकर वाजतो तरी कसा?

जुना पिक्चर ट्यूबवाला टीव्ही आठवतोय का? काचेजवळ हात नेला की हातावरचे केस उभे राहायचे, चर्र असा बारीक आवाज यायचा, आणि घरातली सगळी धूळ नेमकी त्या काचेवर येऊन बसायची, आई आज पुसायची आणि परवा परत तेवढीच. ती जी ओढ आहे ना, केस उभे करणारी, स्थिर विजेची, त्या ओढीवर गाणं वाजवता येतं असं मला कॉलेजात कोणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. पण वाजवता येतं, आणि असं वाजतं की एकदा ऐकल्यावर घरचे स्पीकर काही दिवस नकोसे होतात.

मी पहिल्यांदा ऐकला तो पुण्यात, एका मित्राच्या काकांकडे. काका बरीच वर्षं इंग्लंडात नोकरीला होते, परत येताना क्वाड कंपनीची इलेक्ट्रोस्टॅटिक, म्हणजे स्थिर विजेवर वाजणाऱ्या, स्पीकरची जोडी घेऊन आले. हॉलमध्ये शिरल्यावर मला वाटलं हे दोन हीटर आहेत. खरंच तसे दिसतात, अडीचेक फूट उंच, त्याहून थोडे रुंद, पुढे बाक दिलेली भोकाभोकांची पत्र्याची जाळी आणि खाली बुटके लाकडी पाय. मी विचारलंही, की काका पुण्यात एवढे मोठे हीटर कशाला. काकांनी उत्तर दिलं नाही, तानपुऱ्याची रेकॉर्ड लावली. जवारीचे जे एकात एक मिसळलेले बारीक सूर असतात ते सुटे सुटे ऐकू येत होते, आणि आवाज त्या जाळीतून येतोय असं वाटतच नव्हतं, जाळीच्या मागे कुठेतरी तानपुरा ठेवलाय आणि मधे नुसती खिडकी उघडी आहे असं वाटत होतं. मग मी उठून बाजूला गेलो तर आवाज जवळपास गेलाच! आणखी पुढे, स्पीकरच्या पाठीमागे गेलो, तर परत पुढच्याइतकाच मोठा. हे काय प्रकरण आहे ते कळायला मला बरेच दिवस लागले, ते इथे जमेल तेवढं सोपं करून सांगतो.

आधी नेहमीचा स्पीकर. टीव्हीत, गाडीत, मोबाईलमध्ये, गणपतीच्या मांडवात, सगळीकडे तत्त्व एकच. मागे मॅग्नेट, मॅग्नेटच्या फटीत तांब्याच्या तारेची छोटी कॉइल, आणि ती कॉइल कागदाच्या किंवा प्लास्टिकच्या कोनच्या गळ्याला चिकटवलेली. ॲम्प्लिफायरमधून करंट आला की कॉइल मॅग्नेटमध्ये पुढेमागे सरकते, तिच्याबरोबर कोन सरकतो, कोन हवा ढकलतो. जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघांनी १९२५ मध्ये ही रचना मांडली आणि शंभर वर्षं झाली तरी मूळ गोष्ट तीच आहे. मॅग्नेट सुधारले, कोनसाठी कागदाच्या जागी पॉलीप्रॉपिलीन आलं, केव्हलार आलं, पण कॉइल गळ्यातच बसली.

आणि गोम तिथेच आहे. जोर लागतो गळ्याशी, एका छोट्या रिंगवर, आणि हलायला हवाय सगळा कोन, कडेपर्यंत. मोठी सतरंजी दोघांनी चार टोकं धरून झटकली तर सगळी एकदम उडते, पण मधे एकाच ठिकाणी हात घालून झटकली तर हाताजवळचा भाग वर जातो, कडा मागाहून येते, मधे लाटा पडतात. कोनचं तेच होतं. खर्जातले सूर सावकाश असतात, तेव्हा अख्खा कोन एकसंध हलतो, काही अडचण नाही. वरच्या सुरांना कॉइल सेकंदाला हजारो वेळा हलते तेव्हा कोनवर लाटा उठायला लागतात, एक भाग पुढे तर दुसरा मागे, आणि रेकॉर्डिंगमध्ये नसलेला आवाज कोन स्वतःच्या पदरचा घालतो. म्हणून मग वरच्या सुरांसाठी छोटा हलका ट्वीटर वेगळा, खालच्या सुरांसाठी वूफर वेगळा, आणि कोणता सूर कोणाकडे पाठवायचा ते ठरवणारं क्रॉसओव्हर सर्किट. गाणारी बाई एकच, पण तिच्या आवाजाचा अर्धा भाग एका यंत्रातून येतो आणि अर्धा दुसऱ्यातून, आणि जोड लपवायची कसरत डिझाइन करणाऱ्याच्या गळ्यात.

त्यात खोकं वेगळंच. कोन पुढे ढकलतो तेव्हा मागे ओढतोही, मागचा आवाज पुढच्याच्या बरोबर उलटा असतो, दोघं भेटले की खर्ज एकमेकांना खाऊन टाकतात. मागचा आवाज कोंडायला खोकं लागतं, आणि खोकं म्हटलं की ते थरथरतं, आत आवाज आपटून कोनमधूनच परत बाहेर येतो. एखाद्या पुरुषी आवाजाची बातमी स्वस्त स्पीकरवर ऐका, माणूस पिंपात तोंड घालून बोलतोय असं वाटतं ना, ते पिंप म्हणजे खोकं.

आता सतरंजीचाच विचार करा. तिच्या प्रत्येक इंचाला एकाच वेळी, सारखाच जोर लावता आला तर? लाटा पडायचा प्रश्नच नाही. इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर म्हणजे एवढंच, बाकीचं सगळं, चांगलं आणि वाईट, या एका गोष्टीतून निघतं.

रचना सांगतो. मधे प्लास्टिकची फिल्म, पॉलिएस्टरची, पतंगाच्या कागदासारखी चौकटीवर ताणून बसवलेली, फक्त पतंगाच्या कागदापेक्षा खूपच पातळ. सहा मायक्रॉनची धरा, म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण दहावा भाग. तिच्या पुढे एक आणि मागे एक भोकाभोकांची जाळी, त्यांना स्टेटर म्हणतात, म्हणजे न हलणारे. फिल्म आणि जाळी यांच्यात जेमतेम एक ते तीन मिलिमीटर अंतर. फिल्मवर अगदी बारीक थर दिलेला असतो ज्यातून वीज कशीबशी सरकते, आणि त्या थरावर काही हजार व्होल्टचा विजेचा भार कायम चढवून ठेवलेला असतो. म्हणूनच या स्पीकरला ॲम्प्लिफायरची वायर लागतेच पण भिंतीतला प्लगही लागतो, आणि प्लग लावल्या लावल्या पूर्ण दमात वाजत नाही, भार चढायला जरा वेळ द्यावा लागतो. काकांच्या त्या जुन्या क्वाडमध्ये खर्जाच्या पॅनलला ६,००० व्होल्ट आणि वरच्या सुरांच्या पट्टीला १,५०० व्होल्ट.

गाणं येतं ते जाळ्यांवर. ॲम्प्लिफायरचा सिग्नल ट्रान्सफॉर्मरमधून शंभरेक पटीने चढवतात आणि दोन जाळ्यांना उलटसुलट देतात, पुढची जाळी धन झाली की मागची ऋण, पुढच्या क्षणी अदलाबदल. फिल्मवरचा भार ठरलेला आहे, त्यामुळे एक जाळी तिला ओढते आणि त्याच वेळी दुसरी ढकलते. जाळी एकच असती तर फिल्मला फक्त ओढता आलं असतं, आणि जवळ येईल तशी ओढ वाढत जाऊन आवाज वाकडा झाला असता, जुन्या काळी असे एकतर्फी प्रयोग झाले आणि त्यांची हीच रड होती.

थरातून वीज कशीबशीच सरकली पाहिजे असं म्हटलं ना, ते मला सगळ्यात आवडलेलं आहे. थर चांगला वीजवाहक असता तर काय झालं असतं? फिल्मचा एखादा कोपरा जाळीच्या जरा जवळ गेला की सगळीकडचा भार तिकडे धावला असता, भार वाढला म्हणून ओढ वाढली, ओढ वाढली म्हणून आणखी जवळ. खाडीतल्या होडीत एका बाजूला मासा दिसला म्हणून सगळे त्याच कडेला धावले की होडीचं जे होतं तेच. पण प्रत्येकजण आपल्या जागेला खिळलेला असेल तर होडी कलली तरी उलटत नाही. थराला मुद्दाम खूप रोध ठेवतात, म्हणजे गाण्याच्या वेगाने भाराला हलताच येत नाही, जिथे बसलाय तिथेच बसून राहतो. भार कायम राहिला की फिल्म जाळीच्या जवळ असो की लांब, जोर फक्त सिग्नलच्या हिशोबाने लागतो, आणि वाकडेपणा जवळपास नाहीसा होतो. घरी असे स्पीकर बनवणारे हौशी लोक काय करतात माहितीये? ग्रॅफाइटची पावडर, म्हणजे पेन्सिलीचं शिसं, कापसाच्या बोळ्याने फिल्मवर घासतात आणि मग जवळजवळ सगळी पुसून टाकतात. जे डोळ्याला दिसतही नाही तेवढं उरलेलं पुरतं.

वजनाचा हिशोब करून बघा, मजा येते. सहा मायक्रॉनच्या एक चौरस मीटर फिल्मचं वजन आठ-साडेआठ ग्रॅम. तेवढ्याच जागेवरच्या सात मिलिमीटर जाड हवेच्या थराचंही तेवढंच! म्हणजे फिल्म हलवणं आणि तिच्यासमोरची बोटभर हवा हलवणं यात फारसा फरकच नाही. आठ इंची वूफरचा कोन कॉइलसकट वीसेक ग्रॅमचा असतो, त्याच आकाराची फिल्म ग्रॅमच्या पाचव्या भागाएवढीही नाही. घुंगरू वाजून थांबलं की फिल्मही थांबते, तिला थांबवायला मागे स्प्रिंग आणि रबर लागत नाही, हवाच थांबवते. तबल्यावरची बोटं मोजता येतात असं लोक म्हणतात ते यामुळे.

गंमत म्हणजे ज्या केलॉगने कॉइलवाला स्पीकर घडवला त्याच्याच नावावर १९३४ चं इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरचंही पेटंट आहे. म्हणजे दोन्ही वाटा एकाच माणसाला दिसत होत्या. पण तेव्हा इतकी पातळ, मजबूत, ताण सहन करणारी फिल्मच नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर पॉलिएस्टरची फिल्म बाजारात आली आणि मग गाडं सरकलं. अमेरिकेत आर्थर जॅन्सझेनने पन्नाशीच्या दशकात फक्त वरच्या सुरांसाठी अशी पॅनल बनवली, आणि इंग्लंडात हंटिंग्डन नावाच्या गावात पीटर वॉकरच्या कारखान्यात, म्हणजे क्वाडमध्ये, खर्जापासून वरपर्यंत सगळं फिल्मवरच वाजवणारा स्पीकर तयार झाला. १९५७ मध्ये तो विक्रीला आला म्हणून त्याला लोक सत्तावन्न म्हणतात, आणि १९८५ पर्यंत तो बनत राहिला. स्पीकरचं एक मॉडेल अठ्ठावीस वर्षं! हल्ली फोन अठ्ठावीस महिने चालला तरी आपण दृष्ट काढतो.

आता तक्रारी, कारण त्या नसत्या तर घराघरात हेच असते.

पहिली खर्जाची. फिल्मला हलायला जागाच दोन-तीन मिलिमीटर, त्यापेक्षा जास्त हलली तर जाळीला चिकटेल. आणि खर्ज म्हणजे नुसती हवा ढकलायचं काम, एक सप्तक खाली गेलं की तेवढाच आवाज काढायला चौपट हलावं लागतं. शिवाय मागे खोकं नाही, म्हणून मगाशी सांगितलेली पुढच्या-मागच्या आवाजाची मारामारी इथे उघड्यावर चालते. ५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला पन्नास वेळा हलणाऱ्या, सुराची एक लाट जवळपास सात मीटर लांब, अडीच-तीन फुटाच्या पॅनलला वळसा घालून मागचा आवाज आरामात पुढे येतो आणि खर्ज गिळतो. मी बाजूला गेल्यावर आवाज गेला तो याच कारणाने, बरोबर कडेला उभं राहिलं की दोन्ही बाजूंचे आवाज सारखेच पोचतात आणि एकमेकांना पुसतात. याचा एक फायदाही आहे म्हणा, बाजूच्या भिंतीवर आवाज कमी आपटतो त्यामुळे खोलीचा घुमारा कमी मिसळतो. पण मागे तीनेक फूट जागा सोडावीच लागते, आणि आपल्या वन बीएचकेमध्ये तीन फूट सोडले तर सोफा गॅलरीत जाईल. उपाय म्हणून काही कंपन्या खर्जाला नेहमीचा खोक्यातला वूफर लावतात आणि वर फिल्म, अमेरिकेतली मार्टिनलोगन यासाठी प्रसिद्ध आहे, मात्र मग मंद वूफर आणि चपळ फिल्म यांची जोडी जुळवणं आलं. कानाला सांधा कळतो, निदान मला तरी कळतो.

दुसरी तक्रार, टॉर्चसारखा झोत. मोठ्या सपाट पृष्ठभागावरून वरचे सूर पसरत नाहीत, सरळ जातात. १० किलोहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला दहा हजार वेळा हलणाऱ्या, सुराची लाट साडेतीन सेंटिमीटरचीही नाही, त्याच्यापुढे पॅनल म्हणजे भिंत. काकांकडे एकच खुर्ची ठरलेली, तिच्यावर बसून डोकं फूटभर सरकवलं तरी झांजांची चमक कमी व्हायची, दुसऱ्या माणसाने खुशाल चहा प्यावा. मार्टिनलोगनने पॅनललाच बाक दिला. वॉकरने मात्र जे केलं ते बघून मी अक्षरशः मान डोलावली. विहिरीत खडा टाकला की गोल गोल लाटा पसरतात ना, आवाज असा एका ठिपक्यातून पसरावा म्हणून त्याने जाळीचा पत्रा एकात एक बसणाऱ्या गोल रिंगांत कापला. सिग्नल आधी मधल्या चकतीला, मग किंचित उशिरा पुढच्या रिंगला, आणखी उशिराने त्याच्या पुढच्या. फिल्म सपाटच, पण तिच्यावरून निघणारी लाट गोल, आणि कानाला वाटतं की आवाज पॅनलच्या मागे तीसेक सेंटिमीटरवरच्या एका ठिपक्यातून येतोय. या कामाला १९६३ मध्ये सुरुवात झाली म्हणून मॉडेलचं नाव त्रेसष्ट, आणि ते बाजारात आलं १९८१ मध्ये. अठरा वर्षं एक माणूस रिंगा आणि उशीर यांच्या मागे लागला होता.

तिसरी, ॲम्प्लिफायरचा छळ. कॉइलवाला स्पीकर बराचसा रोधासारखा वागतो, त्या रोधाचं माप, चार किंवा आठ ओहम, मागे लिहिलेलं असतं, थोडं खालीवर होतं पण चालतं. फिल्म आणि जाळ्या म्हणजे मात्र उघड उघड कॅपॅसिटर, पंख्यातल्या कॅपॅसिटरचाच भाऊबंद, आणि कॅपॅसिटर वरच्या सुरांना वाट मोकळी करून देतो. सत्तावन्न खर्जाला तीसेक ओहम दाखवतो आणि अगदी वरच्या टोकाला दोनच्या आसपास येतो, आणि ओहम जितके कमी तितका करंट जास्त द्यावा लागतो. साधा ॲम्प्लिफायर तिथे गुदमरतो, काही तर बिथरून स्वतःच शिट्टी मारायला लागतात. बरं, जास्त ताकदीचा लावावा तर दुसरीच भीती. कोरडी हवा मिलिमीटरला साधारण ३,००० व्होल्टपर्यंत दम धरते, त्यापुढे ठिणगी. काकांच्या पुतण्याने, म्हणजे माझ्याच मित्राने, एका पार्टीत त्याचा नवा भारी ॲम्प्लिफायर जोडला आणि आवाज वाढवला. टप्प. एकदाच. डाव्या स्पीकरच्या वरच्या सुरांच्या पट्टीला टाचणीएवढं भोक आणि कडेला काळा डाग. नेहमीच्या स्पीकरची कॉइल जळाली तर आपण कोपऱ्यावरच्या माणसाकडे नेतो, तो रीकोन करून देतो, म्हणजे नवा कोन आणि कॉइल बसवून, संध्याकाळी घरी. हे पॅनल जर्मनीहून मागवावं लागलं, तिकडे जुन्या क्वाडची पॅनल नव्याने बनवून देणारे लोक अजून आहेत. मित्र त्या वर्षी दिवाळीला काकांकडे गेला नाही. नंतरच्या त्रेसष्टमध्ये वॉकरने आत ठिणगीची चाहूल लागली की इनपुटच शॉर्ट करून टाकणारं सर्किट घातलं, त्यावरून असे पुतणे इंग्लंडातही असणार.

चौथी आपल्याकडची खास, पावसाळा. दमट हवेत धूळ ओली होते, भाराला गळायला वाट मिळते, आणि स्पीकर शांत असतानाही बारीक चर्रचर्र किंवा टिकटिक ऐकू येते, आवाजही दबतो. आणि धूळ तर तो टीव्हीसारखीच ओढून घेतो. म्हणून फिल्मच्या दोन्ही अंगांना पातळ प्लास्टिकची धूळझडप लावतात, पण ती जुनी होऊन फाटली की संपलं. कोकणात किंवा मुंबईत समुद्राजवळ राहणाऱ्याने यात पडताना दहा वेळा विचार करावा. आणि कोणीही, कुठेही, मागची जाळी हौसेने उघडू नये. फिल्मचा भार भारी रोधातून येतो, पण वाजत असताना ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या बाजूला जे हजारो व्होल्ट असतात ते थट्टा नाहीत.

एक गोंधळ इथेच मिटवतो, कारण दुकानात हमखास होतो. प्लेनर नावाने जे हेडफोन मिळतात त्यातही फिल्म असते, पण तिच्यावर तार छापलेली असते आणि शेजारी मॅग्नेट असतात, म्हणजे कॉइल सोलून सपाट केलेली. ते इलेक्ट्रोस्टॅटिक नाहीत. खरे इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन जपानच्या स्टॅक्सने १९६० पासून विकायला आणले, त्यांना वेगळा डबा लागतो जो शेकड्यांतले व्होल्ट पुरवतो, साध्या जॅकमध्ये ते चालतच नाहीत. खरं सांगू का, ही चव घ्यायची असेल तर हेडफोनचा रस्ता बरा, कानाशी खर्ज काढायला फिल्मला फार हलावं लागत नाही, भिंतीपासून तीन फूटही नकोत आणि पावसाळ्यात कपाटात ठेवता येतात.

आणि फिल्मवर आवाज ही गोष्ट इतकी परकी नाहीच. स्टुडिओतला कंडेन्सर माइक म्हणजे हेच यंत्र उलटं चालवलेलं, ई. सी. वेंट या अमेरिकन संशोधकाने तो १९१६ मध्ये बनवला, भार असलेली पातळ चकती, समोर न हलणारी पट्टी, आवाजाने चकती हलली की वीज हलते. तुमच्या फोनमधला माइकही याच घराण्यातला. कॉइलवाले माइकही आहेत, स्टेजवर हातात धरतात ते बहुतेक तेच, पण बारकावे पकडायचे असले की रेकॉर्डिंगवाला फिल्मवालाच पुढे करतो. वाजवताना मात्र आपण पुन्हा कागदाच्या कोनकडे येतो, कारण कोन मांडवात वाजतो, रिक्षात वाजतो, पावसात भिजला तरी वाजतो आणि दोनशे रुपयांत मिळतो.

काकांची जोडी अजून आहे. जूनच्या पहिल्या सरीला दोघांवर जुन्या सुती चादरी पडतात, त्या निघतात नवरात्रात. मधले चार महिने गाणं स्वयंपाकघरातल्या ट्रान्झिस्टरवर, आणि काकू म्हणतात तेव्हा कुठे मला घरात कामं करता करता गाणं ऐकायला मिळतं, एरवी त्या एका खुर्चीवर बसल्याशिवाय काही ऐकूच येत नाही.